मुठेल आणि मेण

आई पेजेची वाटी हातात घेऊन ओरडली तेव्हा मी वह्या तपासत होते. "यंदाचा मुठेल बरा नाय गो. तोंडाक चिकाटता!"

मुठेल म्हणजे कोकमाच्या बिया कुटून, उकळून काढलेलं घट्ट तेल. आमच्याकडे पोटात जळजळ झाली की ते गरम पेजेत घालतात, टाचा फुटल्या की टाचांना लावतात. आई ते अजून स्वतः करते आणि करवंटीत थिजवते. मी वाटीत डोकावले. पेज निवली होती आणि कडेला पांढरा कडक पापुद्रा जमला होता. मी कपाळाला हात लावला. तिनं मेणबत्तीचं मेण खाल्लं होतं.

जामसंड्यात वीज कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून मी पॅराफिन आणून घरीच मेणबत्त्या करते. उरलेलं मेण मी तिच्याच करवंट्यांत ओतलं होतं आणि तिच्याच मुठेलाच्या डब्यात ठेवलं होतं. ते सोडा. मुद्दा तिच्या डोळ्यांचा. मोतीबिंदू काढून घे म्हणून दोन वर्षं मी घसा कोरडा करतेय आणि तिचं एकच पालुपद, "माका सगळा दिसता."

"आये, ता मेण आसा, मेण!"

"मगे आता मी मरतलंय?"

मरतेय कसली! रसायनशास्त्र शिकवण्यात माझी हयात गेली. पॅराफिन निघतं खनिज तेलातून, आणि इतकं आळशी की सहसा कशाशीच क्रिया करत नाही. पोटात गेलं तसं बाहेर येईल. पण मुठेल अंगाच्या उबेनंसुद्धा मऊ पडतं, पॅराफिनला पन्नास-साठ अंश लागतात, एवढं तरी जिभेला कळू नये? मी तावातावानं सगळा धडा म्हणून दाखवला. खरं तर मी घाबरले होते. आज मेण होतं, उद्या फिनेल असलं तर?

आईनं सगळं ऐकून घेतलं. मग उठली आणि खिडकीतली मेणबत्ती चाचपडत उचलली. त्या आठवड्यातल्या माझ्या सगळ्या मेणबत्त्या उन्हानं वाकल्या होत्या. भेसळीचं मेण दिलंत म्हणून मी दुकानदाराशी कडाकडा भांडूनही आले होते. आईनं मेणबत्तीवर अंगठा चोळला, तेलकट झालेला अंगठा टाचेला पुसला.

"मेण ह्या? माझा मुठेल जाळतंस तू. डोळे कोणाचे गेले गो?"

त्याच डब्यातला गोळा मी भरदिवसा, डोळे उघडे ठेवून वितळवला होता.

सोमवारी आम्ही दवाखान्यात गेलो. आधी माझे डोळे तपासायचे, या अटीवर ती आली. तिला ऑपरेशनची तारीख मिळाली, मला चष्मा. तो लावून मी पहिल्यांदा तिच्याकडे जवळून पाहिलं. बाहुल्यांवर दाट साय धरली होती, आणि मी दोन वर्षं नुसती ओरडत होते.