तीन वाजेपर्यंतचे उमेदवार

डमीमामा पाच वेळा लोकसभेला उभे राहिले आणि पाचही वेळा मतदानाआधीच बसले. त्यामुळे ते कधी हरले नाहीत, आणि जिंकायचा तर प्रश्नच आला नाही. बेळ्ळंदूरच्या आमच्या सोसायटीत ही ओळख ते स्वतःच करून देत, तीही अशा थाटात की समोरच्याला वाटावं, लिफ्टमध्ये माजी खासदारच भेटले.

त्यांचं गाव सातपुड्याच्या पायथ्याशी. मतदारसंघ आदिवासी उमेदवारासाठी राखीव, आणि मामा आदिवासी. घरची बोली वेगळी, मराठी आश्रमशाळेत शिकलेली. म्हणून आम्हा पुण्या-नागपूरकडच्या कॉम्प्युटरवाल्यांपेक्षा शुद्ध. आम्ही ‘मीटिंग शेड्यूल करून टाकू’ म्हणायचो, मामा ‘बैठकीची वेळ ठरवू या’ म्हणत. गावात त्यांची पिठाची गिरणी होती. मामी गेल्यावर ती धाकट्या भावाकडे सोपवून ते मुलाकडे बंगळूरला आले. मुलगा सकाळी आठला रिंग रोडच्या ट्रॅफिकमध्ये शिरायचा तो संध्याकाळीच बाहेर पडायचा. मामा दिवसभर गेटजवळच्या बाकावर बसत आणि जो सापडेल त्याला आपल्या मतदारसंघाचा इतिहास सांगत.

तो इतिहास सगळा कागदपत्रांचा. कोण किती मतांनी आलं यात त्यांना काडीचा रस नव्हता. “मतं कुणीही मोजतो. खरी निवडणूक छाननीच्या खोलीत होते,” असं त्यांचं म्हणणं. राखीव जागेवर सगळ्यांत मोठी धास्ती जातीच्या दाखल्याची. विरोधकांनी हरकत घेतली आणि अर्ज बाद झाला तर पक्षाला उमेदवारच उरत नाही. म्हणून पक्ष आणखी एकाचा अर्ज भरून ठेवतो. तो डमी. मुख्य उमेदवाराचा अर्ज मंजूर झाला की डमीनं माघारीच्या दिवशी दुपारी तीनच्या आत अर्ज मागे घ्यायचा आणि घरी जायचं. मामांचा दाखला बिनतोड होता. पणजोबांपासूनच्या नोंदी एका निळ्या प्लास्टिकच्या पिशवीत कायम तयार. हरकत घ्यायला आलेले वकील ती पिशवी बघूनच चहाला निघून जात, असं मामा सांगत. त्यातला चहा तेवढा खरा असावा.

“आमचे पुढारी भाऊ आधी एका पक्षाचे खासदार,” मामा बोटं मोजत. “मग पक्ष बदलला, तिथेही खासदार. मग पडले. ज्यानं पाडलं तो पुढच्या वेळी माझ्याकडे आला. त्यालाही डमी मीच.”

“मामा, मग तुमची निष्ठा नक्की कुणाशी?” मी विचारलं.

“दाखल्याशी,” मामा म्हणाले.

आमच्या मजल्यावरच्या एका तरुण विद्वानानं एकदा मामांसमोरच तोंड उघडलं, की राखीव जागेवर निवडून येणं सोपं असतं. मामांनी त्याला बाकावर बसवून घेतलं. “सोपं कसं, बाळा? तिथे समोर उभे असतात तेही सगळे आदिवासीच. सवलत वापरायची कुणाविरुद्ध?” त्यावर त्या विद्वानाला अचानक ऑफिसचा फोन आला.

पाचांतली तिसरी वेळ मात्र मामा हसत सांगत नसत. त्या वेळी भाऊंच्या दाखल्यावर खरोखरच हरकत आली आणि सुनावणी लांबली. बाहेर बातमी फुटली की भाऊ बाद, आता मामाच उमेदवार. चार तास मामांच्या गळ्यात हार होते. तिकडे गावात मामींनी गिरणी बंद करून आल्यागेल्याला गूळ वाटला. मग हरकत फेटाळली गेली. माघारीच्या दिवशी तालुकाध्यक्षांनी खांद्यावर हात टाकून मामांना सहीला नेलं. घरी गेल्यावर मामी एवढंच म्हणाल्या, “नाव छापून आलं की सांगा. तोवर गूळ डब्यात.” मामी गेल्या तरी ते नाव काही कधी मतपत्रिकेवर आलं नाही. “खासदारकीचं मला काही नाही,” मामा म्हणायचे, “पण नाव एकदा छापून यायला हवं होतं.” मी मान डोलवायची आणि घड्याळ बघायची. मला कॉल असायचा.

आमच्या सोसायटीच्या सचिवपदाला उभं राहायचं मी ठरवलं ते पाण्यापायी. टँकरचं पाणी नळाला आलं की अंघोळीनंतर अंगाला तळ्याचा वास येई, आणि जुने सचिव म्हणत, “स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी,” म्हणजे थोडं चालवून घ्या. सहा वर्षं आम्ही स्वल्प अ‍ॅडजस्ट करत होतो. फ्लॅटच्या कागदावर नवऱ्याचं नाव पहिलं, माझं दुसरं; उमेदवार पहिल्या नावाचाच हवा, अशी हरकत सचिव घेणार, अशी कुणकुण लागली. मी घाबरून मामांकडे गेले. मामांचा चेहरा असा उजळला, की जणू थेट दिल्लीहून बोलावणं आलं.

“पोरी, डमी भर.”

“कुणाचा?”

त्यांनी नुसती पिशवी वर केली. मुलानं फ्लॅटवर पहिलं नाव बापाचं घातलं होतं.

निवडणूक अधिकारी होते तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त बँक मॅनेजर. जन्म राजाजीनगरातला, स्वभाव कडक, आणि नियमावली तोंडपाठ. छाननीत माझा अर्ज मंजूर झाला. मामांचाही झाला, जातीचा दाखला कुणी मागितला नव्हता, तरी त्यांनी तो जोडला होता. शनिवारी तीनपर्यंत माघार. माघारीचा अर्ज मामांनी माझ्यासमोर भरला, सही केली, घडी घालून खिशात ठेवला. मी निश्चिंत मनानं भाजी आणायला गेले.

सव्वातीनला परतले तर मामा बाकावरच. अर्ज खिशातच.

“मामा! दिला नाहीत?”

“राहून गेलं,” मामा म्हणाले. पाच निवडणुकांत एक मिनिट न चुकलेला माणूस! मी धावत मॅनेजरसाहेबांकडे गेले. “टाइम आय्तु, मॅडम,” वेळ संपल्याचं सांगून त्यांनी दार लावून घेतलं.

रविवारी सकाळी क्लब हाउसच्या बाहेर नमुना मतपत्रिका लागली. आडनावांच्या क्रमानं पहिलं नाव मामांचं, दुसरं माझं, तिसरं सचिवांचं. मामा बाकावर स्टीलचा डबा उघडून बसले होते आणि मतदानाला येणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर गुळाचा खडा ठेवत होते. मी तो घेतला नाही.

मी चार मतांनी पडले. मामांना नऊ मतं मिळाली.

हा हिशोब कुणालाही जमण्यासारखा होता, आणि लिफ्टमध्ये प्रत्येकानं तो मला करून दाखवला. मला इतका संताप आला होता की पुढचे पंधरा दिवस मी मागच्या गेटनं जाऊ-येऊ लागले. म्हातारा दगाबाज निघाला, असं नवऱ्याला दहादा ऐकवलं. तो अंगाला तळ्याचा वास घेऊन मुकाट्यानं ऐकत होता.

मग भावाचे गुडघे गेल्याची बातमी आली आणि मामा गिरणी बघायला परत गावी निघाले. निघायच्या दिवशी ते मागच्या गेटलाच येऊन उभे राहिले. हातात बॅग, काखेत निळी पिशवी.

“रागावलीस.”

“तुमच्यामुळे पडले मी.”

“हो,” मामा म्हणाले. त्यांनी उगाच सारवासारव केली नाही. “तीनला पाच कमी होते तेव्हा उठलो होतो, पोरी. पाय निघेना.”

टॅक्सीवाल्यानं हॉर्न वाजवला.

“माझं मत मात्र तुलाच दिलं,” ते म्हणाले. “डमीनं मत मुख्य उमेदवारालाच द्यायचं असतं.”

मला एकदम हसू आलं आणि रडूही. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी खिशातून कागदात बांधलेला गुळाचा खडा काढून माझ्या हातावर ठेवला. पंधरा दिवस तो त्यांच्या खिशात होता, त्याला मुंग्या लागल्या होत्या. मी त्या झटकल्या आणि खडा तिथेच तोंडात टाकला.

मामा गेल्या वर्षी गेले. त्यांचा मुलगा दिवसकार्य करून आला तेव्हा त्यानं मला फोनवर गिरणीचा फोटो दाखवला. पिठानं पांढऱ्या झालेल्या भिंतीवर मामींचा फोटो, आणि त्याच्या शेजारी काचेच्या चौकटीत आमच्या सोसायटीची नमुना मतपत्रिका. क्लब हाउसच्या बाहेरून ती मामांनी रीतसर मॅनेजरसाहेबांची परवानगी घेऊन काढली होती म्हणे. दळण घेऊन येणारा प्रत्येक जण ती वाचतो. पहिलं नाव मामांचं, त्याखाली माझं. गावात सगळ्यांची पक्की समजूत आहे की बंगळूरच्या निवडणुकीत मामा मुख्य उमेदवार होते आणि दुसरी ती बाई त्यांची डमी.

मुलगा म्हणाला, पुढच्या खेपेला जाऊन सगळ्यांना खरं काय ते सांगतो. मी म्हटलं, खबरदार सांगशील तर.