जास्वंदीच्या कुंपणातली फट

वेताच्या खुर्च्या विणणारे ते अंध कारागीर फाटकातून आत आले की डावा हात जास्वंदीच्या कुंपणावर ठेवायचे आणि पानं चाचपत थेट कारखान्याच्या दारात पोचायचे. कुंपणापलीकडे दिवसभर ट्रक मागेपुढे होत. झुडपं सांभाळणारी माळीणताई त्यांच्यातल्याच एकाची धाकटी बहीण. त्यामुळे मधली तीन झुडपं माना टाकायला लागली, तेव्हा ती हातातलं काम टाकून तिकडे धावली.

आधी वाटलं, पाणी कमी पडतंय. तिनं बादलीभर जास्त ओतलं, तर पानं आणखीच पिवळी. माती मात्र ओलीगच्च; शेजारचा नळ जमिनीखाली गळत होता. बुंध्याशी उकरून तिनं एक मूळ ओढलं. साल मोज्यासारखी सरकून बोटांत आली, आत नुसता दोरा उरला. कुजका वास सुटला. मूळकूज. रोपवाटिकेत काम शिकताना तिनं या रोगानं अख्खी रांग आडवी झालेली पाहिली होती.

कुठवर पसरलाय? गुडघ्यांवर सरकत ती एकेका झुडपाशी उकरत गेली. लगतची दोन हिरवीगार, फुललेली. पण बुंध्याची साल खरवडली तर आत तपकिरी डाग. त्यापुढची मुळं मात्र पांढरी, टणक लागली.

म्हणजे पाच काढायची. एवढी मोठी फट, आणि पलीकडे ट्रक. कारखान्याच्या व्यवस्थापकांनी लगेच होकार दिला, नळ दुरुस्त करायला माणूसही पाठवला. तरी तिला धीर येईना. तिनं दादाला गाठलं.

वेत भिजवता भिजवता तो म्हणाला, “काढून टाक. मध्ये दोर बांध.”

“आणि कुणाचा हात सुटला तर?”

त्यानं हातातला वेत बाजूला ठेवला. “भीती मलाही वाटते गं. रोजच वाटते. तुला कधी बोललो नाही, इतकंच.”

सुट्टीच्या दिवशी तिनं पाचही झुडपं मुळासकट काढून जाळली, फावडं जंतुनाशकानं धुतलं, पाणी निघून जायला चर खणला आणि फटीत दोर बांधला. दुसऱ्या दिवशी ट्रकांकडे पाठ करून ती फटीत उभी राहिली. एकेक जण दोर धरून पुढे गेला. एक म्हातारे कारागीर थबकले, दोर सोडून त्यांनी पाऊल थेट बाहेर टाकलं. तिनं त्यांची बाही घट्ट पकडली. मागून ट्रकचा वारा अंगावरून गेला. तिनं त्यांचा हात पुन्हा दोरावर ठेवला.

त्याच दुपारी व्यवस्थापकांनी तिथे लोखंडी कठडा बसवून घेतला. बाकीचं कुंपण जगलं. तरी उन्हात एखादं पान मलूल दिसलं की ती खाली बसून माती उकरते.