हवालदाराची नागीण

पयला ड्रॉप मी हवालदाराच्या मिशीवर टाकला.

त्येची चूक न्हाई. मिलिटरीतनं रिटायर झालेला मानूस. 'डोळा उघडा' म्हनलं की असा उघडायचा की समोरच्याचा हात सलामालाच जावा. दुसरा ड्रॉप गालावर गेला, तिसरा बसला.

"निशाना कच्चा हाय गड्या तुजा."

मी म्हनलं, म्हनून तर मला मिलिटरीत घेतलं न्हाई. खरं म्हंजी शाळंतबी कुनी ठेवून घेतलं न्हाई, पर ती गोष्ट येगळी.

मी हाय आष्ट्याचा, इकबाल. मिरजंला डोळ्याच्या दवाखान्यात ड्रॉप घालतो. ड्रॉपनं डोळ्याची काळी बावली मोठी हुती. मंग तिच्यातनं डाक्टर मॅडमना मागचा पडदा दिसतो. आमच्या जत्रंत तंबूत सिनेमा यायचा, तवा पडद्याला भोक पडलं की हिरोच्या गालाला भोक पडायचं. डोळ्याचं तसंच. त्या पडद्याला रेटिना म्हंत्यात. मी नवा व्हतो तवा 'रेटिनाला दाखवा' म्हनलं की पेशंट रिना सिस्टरकडं पाठवायचो. सिस्टरनी दोन-तीन सोसलं, मंग माज्या अंगावर आली.

तर हवालदार रहिमतपूरचा. सकाळच्या गाडीनं बायकूला घेऊन आलेला. उजव्या डोळ्याफुडं काळं किडं पळत्यात, धुरळा दिसतो, म्हनला. त्येला वाटलं चष्म्याचा नंबर आसंल. चष्मा घ्यायचा आन दुपारच्या गाडीनं घरी, असा त्येचा हिशेब.

मॅडमनी लय येळ बघितलं. हसल्या न्हाईत, मंग मीबी दात झाकलं. पडद्याच्या कडंला पांढरं चट्टं पडलं व्हतं, आन ते आत सरकत व्हतं. मॅडम म्हनल्या, हे व्हायरसचं वाटतंय, आजच ॲडमिट व्हावं लागंल. मंग त्यांनीच ईचारलं, "या महिन्या-दोन महिन्यांत नागीण झाली होती का?"

हवालदार बायकूकडं हात करून म्हनला, "नागीण व्हय? ही काय, संगं आनलीया."

मी एवढा हसलो की हातातली बाटली पडली. मॅडमबी जराशा हसल्या. त्येची बायकू, म्हंजी मावशी, तेवढी हसली न्हाई. मॅडमनी परत ईचारलं तर हवालदार न्हाई म्हनला, ॲडमिट व्हायलाबी न्हाई म्हनला. सुई नगं, सलाईन नगं, गोळ्या द्या, आठवड्यानं येतो. मॅडम म्हनल्या, आठवड्यानं या डोळ्यात बघायला काही राहणार नाही. तरी गडी उठला.

भाईर बाकावर मावशी पदर तोंडाला लावून बसलेली. मला वाटलं माज्या हसन्याचा राग आला. च्या घेऊन गेलो आन म्हनलं, मावशी, चुकलं, मला हसायचा रोग हाय.

ती हळूच म्हनली, "त्याचं काय न्हाई रं. तिचं नाव घ्यायचं नसतं. नाव घेतलं की पसरती."

"कुनाचं?"

तिनं माज्याकडं बघितलं, मानूस एवढं बिनडोक कसं आसंल म्हनून. मंग पदरानंच स्वताच्या कमरंभवती पट्टा दाखवला. "ह्यांच्या कमरंला उठलीती. गेरू लावला. सासूबाईंनी शपथ घातलीया, नाव काढायचं न्हाई आन सुई टोचून घ्यायची न्हाई, उलटती."

तवा माज्या डोक्यात उजेड पडला. थट्टा करून खरं झाकायचं काम मी जलमभर केलं. दुसऱ्यानं तेच केलं तर मीच पयला हसलो.

मावशीला घेऊन मी आत गेलो. हवालदार चपला घालत व्हता, त्येलाबी वढला. मावशीनं मॅडमना समदं सांगितलं, नाव न घेता, हातानंच. हवालदार खाली बघत व्हता.

मॅडम म्हनल्या, "लहानपणी कांजिण्या येतात ना, त्याच व्हायरसची ही नागीण. तो शरीरात नसांच्या मुळाशी झोपून राहतो. म्हातारपणी नाहीतर अशक्तपणात उठतो. तुमचा कमरेला उठला, आता डोळ्यातही उठलेला दिसतोय."

हवालदार म्हनला, "म्हंजी शेपूट कमरंत आन तोंड डोळ्यात?"

आमच्याकडं म्हंत्यात, नागिनीचं तोंड शेपटाला मिळालं की मानूस जातो. मला वाटलं, चला, आता ॲडमिट हुतोय, जरा हातभार लावू. म्हनलं, व्हय, आन मधी आडवायला सलाईनच लागतं.

मॅडमनी माज्याकडं असं बघितलं की माजीच बावली मोठी झाली.

"इकबाल, गप्प." मंग हवालदाराला म्हनल्या, "भिऊन ॲडमिट होऊ नका, समजून व्हा. तोंड नाही, शेपूट नाही. सुईनं ती उलटत नाही, सुईतल्या औषधानं थांबते. थांबवली नाही तर डावा डोळाही जाऊ शकतो."

मावशी म्हनली, "आवं, मला दिसतंय तवर तुमाला दिसू दे की."

मंग हवालदारानं ईचारलं, "सुई टोचताय कुटं?"

"हाताला. आणि एक डोळ्यात."

"डोळ्यात?"

चक्कर आली ती मला. हवालदार टेबलावर आन मी खाली फरशीवर. रिना सिस्टरनी जुना हिशेब काडला, पानी मारताना भांडंभर मारलं.

डोळ्यातलं पानी तपासाय पाठवलं, तोच व्हायरस निघाला. आदी सलाईन, मंग लय दिस गोळ्या, कडंनं लेझर. उजव्या डोळ्याची एक बाजू गेली ती गेलीच. मधलं दिसतंय, जरा धुरकट. डावा ठणठणीत.

आता मॅडम पेशंटला नागिनीचं ईचारत न्हाईत. 'कुठं गेरू लावला होता का?' म्हनून ईचारत्यात. गेरूचं नाव घ्यायला कुनी भीत न्हाई. लगेच सदरा वर करून दावत्यात.

मागं हवालदार डोळा तपासून घ्यायला आला, तवा मावशी दारातनंच म्हनली, "घाल बाबा ड्रॉप. नागीण संगं आलीया."

ह्या बारीला मी हसलो न्हाई. आदी गेरूचं ईचारलं, मंग हसलो. ड्रॉप मातूर मिशीवरच गेला.