दोघांच्या घरात एकाची शिडी

आमच्या समोरच्या दारात पडदेवाले राहतात. त्यांना नाव आहे, पण ते फक्त पोस्टमनला ठाऊक. चाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या खिडक्यांना पडदे लावले. हॉटेलांच्या, दवाखान्यांच्या, नवरा-नवरींच्या नव्या संसारांच्या. आमच्या हॉस्पिटलात दोन खाटांच्या मध्ये जे हिरवे पडदे सरकतात तेही त्यांनीच शिवलेले. माणूस कमी बोलणारा. कुणाच्या घरी गेले की आधी खिडकीकडे बघतात, मग माणसाकडे. मी नर्स आहे, मलाही आधी नाडी दिसते आणि मग चेहरा, म्हणून आमचं पटतं.

त्यांच्या घरात दुसरं माणूस म्हणजे त्यांच्या सासूबाई. पडदेवाल्यांची बायको बारा वर्षांपूर्वी गेली. ती सासूबाईंची एकुलती एक मुलगी. मूलबाळ नाही. मुलगी आजारी असताना म्हातारी सेवेला आली आणि मुलगी गेल्यावर तिथेच राहिली. जा म्हणायला जावयाची जीभ रेटली नाही आणि जाते म्हणायला हिला घर नव्हतं. एका छपराखाली बारा वर्षं, आणि एकमेकांशी सरळ बोलणं म्हणून नाही. "चहा झालाय म्हणावं," असं सासूबाई भिंतीला सांगायच्या. "आज उशीर होईल," असं पडदेवाले चपलांना सांगायचे. मी मध्ये असले की दोघांची चंगळ. सगळे निरोप माझ्यामार्फत. मी एकदा म्हटलंही, "अहो, मी काय टपालखातं आहे का?" दोघंही हसले, पण वेगवेगळ्या दिशांना बघून.

तीन वर्षांपूर्वी सासूबाई न्हाणीघरात पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण पुढे वॉकर धरून खाटेपासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून खाटेपर्यंत, एवढंच त्यांचं जग राहिलं. चहाही मग पडदेवाल्यांकडे आला. त्याच वर्षी पलीकडच्या गल्लीत एका इमारतीला आग लागली आणि जिना धुराने भरला. माणसं वाचली, पण पडदेवाल्यांच्या डोक्यात तो जिना बसला. आमच्या इमारतीलाही एकच जिना, लाकडी, आणि त्याच्या पायथ्याशी विजेच्या मीटरांचं कपाट. आम्ही दुसऱ्या मजल्यावर.

मग शिडीचं खूळ सुरू झालं. खिडकीला अडकवून बाहेर सोडायची, गुंडाळून ठेवता येणारी शिडी. दोन बाजूंना जाड पट्टे आणि मध्ये लोखंडी पायऱ्या. पडदेवाल्यांनी दोन महिने चौकशी केली. दोरीला शिशाचा गोळा बांधून खिडकीच्या कठड्यापासून जमिनीपर्यंत माप घेतलं, तेवीस फूट. तेही पुढच्या खिडकीतून नाही, मागच्या. कारण पुढच्या खिडकीखाली बरोबर पहिल्या मजल्याची खिडकी येते, आणि आग खाली असली तर ज्वाळा तिथूनच बाहेर पडणार. शिडीवरचा माणूस शेकोटीवरच्या कणसासारखा भाजायचा. मागे सरळ भिंत होती आणि खाली मोकळं अंगण. त्या खिडकीची लोखंडी जाळी कापून त्यांनी तिला बिजागऱ्या लावल्या, आतून नुसती कडी, कुलूप नाही. सासूबाई भिंतीला म्हणाल्या, "चोरांना आता निमंत्रणपत्रिकाही छापा म्हणावं."

पंचवीस फुटांची शिडी आली. पडदेवाल्यांनी ती खिडकीला लावायला घेतली, आणि कठड्यावर अडकवायचे तिचे लोखंडी आकडे बसेचनात. आमची इमारत जुनी, भिंत चांगली दीड फूट जाड. आकडे पाऊण फुटाच्या भिंतीचे. त्यांनी खिडकीची उंची मोजली होती, रुंदी मोजली होती, खालपर्यंतचं अंतर मोजलं होतं. जाडी मोजलीच नव्हती. पडद्याला भिंतीची जाडी कधी लागतच नाही हो! चाळीस वर्षांत एकदाही लागली नव्हती. बिचारे इतके ओशाळले की दोन दिवस कामाला गेले नाहीत. दुकानदाराने रुंद आकड्यांची शिडी बदलून दिली. तिला वरच्या पायऱ्यांपाशी भिंतीला टेकणारे टेकूही होते, म्हणजे पाऊल पायरीवर पूर्ण बसतं, बोटं भिंतीला घासत नाहीत.

सराव मात्र घरच्या खिडकीतून करायचा नाही, असं शिडीबरोबर आलेल्या सूचनांच्या कागदात लिहिलेलं. आधी कमी उंचीवर. पडदेवाल्यांची शिवणाची खोली दोन गल्ल्या सोडून, पहिल्या मजल्यावर. मला म्हणाले, "ताई, रविवारी येता? खाली उभं राहायला कुणीतरी जाणतं हवं." मी गेले. ते झकास उतरले. तोंड भिंतीकडे, एक हात सुटला तर दुसरा घट्ट, घाई नाही. मग म्हणाले, "आता वर चला, आणखी एक बघायचंय."

वर त्यांनी पडद्याच्या जाड पट्ट्यांची एक झोळी शिवून ठेवली होती, पाठीला बांधायची. शिवण अशी की बैल ओढला तरी उसवणार नाही. तिच्यात त्यांनी धान्याचं पोतं घातलं, बेचाळीस किलोंचं. हा आकडा मला पाठ होता, कारण सासूबाईंचं वजन दर महिन्याला मीच करते. त्यांनी झोळी पाठीला बांधली, कठड्याला धरलं, पाय उचलला आणि मागे कोसळले. पुन्हा उठले. पुन्हा कोसळले. तिसऱ्यांदा पाय कठड्यापलीकडे गेला, पण पाठीवरचं पोतं एका बाजूला कललं आणि त्यांना खेचू लागलं. मी कमरेला धरून आत ओढलं नसतं तर पोतं आणि पडदेवाले दोघंही खाली. त्रेसष्ट वर्षांचा माणूस, गुडघे कुरकुरणारे. जमिनीवर बसून बराच वेळ धापा टाकत होते.

"सासूबाईंना सांगू नका," म्हणाले.

नाही सांगितलं. पण म्हातारी काय दुधखुळी होती? त्याच आठवड्यात रक्तदाब मोजताना मला हळूच म्हणाली, "शिडी एकाचीच आहे, मला कळतं. मला काही त्या खिडकीतून नेता यायचं नाही. पण तू त्यांना असं काही बोलू नकोस हं, नाहीतर ते ती विकून टाकतील."

तेही मी नाही सांगितलं. दोघांची दोन गुपितं पोटात घालून मी कामावर जात राहिले. आता वाटतं, दोघांना एकदा समोरासमोर बसवून खडसवायला हवं होतं. पण दुसऱ्याच्या घरात कोण नाक खुपसणार!

आग लागली ती सकाळी अकरा वाजता. मी रात्रपाळी करून झोपले होते. मुलीला शाळेला सुट्टी होती, तिने हलवून उठवलं: "आई, काहीतरी जळतंय." दार उघडलं तर जिन्यातून काळा धूर वर येत होता, आणि खाली मीटरच्या कपाटातून तडतड आवाज. माझ्या खिडक्यांना पक्क्या जाळ्या. समोरचं दार उघडलं, पडदेवाल्यांनी आम्हा दोघींना आत ओढलं आणि दार लावून उंबऱ्याशी ओली चादर कोंबली. मी अग्निशामक दलाला फोन केला. सासूबाई मागच्या खोलीत खाटेवर बसल्या होत्या, वॉकर हाताशी. घाबरलेल्या वगैरे नव्हत्या. गावच्या मोटारीची वाट बघत बसावं तशा बसल्या होत्या.

पडदेवाल्यांनी जाळी उघडली, आकडे बसवले, शिडी सोडली. ती खडखडत अंगणापर्यंत गेली. "ताई, आधी तुम्ही. पोरीला तुमच्या दोन हातांच्या मध्ये घ्या. खाली बघू नका, पायरी बघा." आम्ही उतरलो. माझी मुलगी सात वर्षांची, तिने हूं की चूं केलं नाही; मीच देवाचं नाव घेत होते.

खाली पोहोचून वर बघितलं. खिडकीत पडदेवाले उभे होते, आतल्या बाजूला तोंड करून. सासूबाईंचा आवाज खालपर्यंत आला. बारा वर्षांत पहिल्यांदा त्या भिंतीशी नाही, त्यांच्याशी बोलत होत्या. "जा म्हणते ना! उभे काय राहिलात? जा!"

आणि ते उतरले. सरावात उतरले होते तसेच, पायरी पायरी मोजत. माझ्याशेजारी येऊन उभे राहिले. म्हणाले, "त्यांनी तोंड फिरवून घेतलं हो. मला जाताना बघायला नको म्हणून."

मी घड्याळ बघितलं. सवय आहे. दलाची गाडी यायला अजून वेळ होता आणि जिन्याच्या खिडकीतून धूर आता भसाभसा निघत होता. अंगणात शेजारीपाजारी जमले. कुणीतरी पडदेवाल्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "देवाची कृपा, सुटलात." त्यांनी मान हलवली. पाच मिनिटं असे उभे होते. मोजून पाच.

मग म्हणाले, "पाण्याची बाटली त्यांच्या हाताला लागत नाही तिथे राहिली."

"काका, येतील आता गाडीवाले..."

"धुराने घसा कोरडा पडतो," म्हणाले आणि शिडीला हात घातला.

सगळे ओरडले. बाहेर आलेल्या माणसाने परत आत जायचं नाही, हा पहिला नियम त्यांनीच मला दहादा वाचून दाखवला होता. लोंबकळणाऱ्या शिडीवर उतरणं वेगळं आणि चढणं वेगळं. पाय ठेवला की ती पुढे सरकते आणि माणूस मागे लटकतो. मी धावत जाऊन खालचं टोक अंगाच्या भाराने दाबून धरलं. शिव्याही दिल्या, खोटं कशाला बोलू. ते चढत गेले. दोनदा थांबले, एकदा टेकू नसलेल्या पायरीवर बोटं भिंतीला घासून रक्त निघालं. खिडकीतून आत पडले, आणि लगेच म्हातारीचा आवाज आला, चांगला खणखणीत, "अक्कल गहाण टाकलीत का?"

त्यांनी आतल्या खोलीचं दार लावून फटीत ओले टॉवेल कोंबले, हे मला नंतर कळलं. खालून दिसत होती ती सताड उघडी खिडकी आणि तिच्याशी दोन डोकी. गाडी येईपर्यंत मला तेवढंच दिसत होतं. एकदा बाटली दिसली. आधी म्हातारी प्यायली, मग ते.

गाडी आली. आग कपाटापुरती आणि जिन्याच्या खालच्या टप्प्यापुरतीच होती, बाकी सगळा धूर. वीस मिनिटांत विझवली. तोंडावर मुखवटे घातलेले दोन जवान वर गेले आणि सासूबाईंना खुर्चीत बसवून, तोंडाला मुखवटा लावून जिन्यानेच खाली आणलं. दलाच्या अधिकाऱ्याने पडदेवाल्यांना फैलावर घेतलं. "काका, शिडी उतरायला दिली होती. वर तुम्ही पडला असतात तर आम्हाला दोन माणसं उचलावी लागली असती." अधिकाऱ्याचं चुकलं नव्हतं.

पण गल्लीने त्यांना डोक्यावर घेतलं. जावई असावा तर असा, सख्खा मुलगा करणार नाही. भाजीवाली त्यांना बघून पदर डोळ्याला लावायची. ते मात्र आक्रसत गेले. नवं काम घेईनात, जेवण अर्ध्यावर टाकायचे. एकदा जिन्यात मला म्हणाले, "लोक चढलो ते सांगतात. मी उतरलो होतो, ताई. पाच मिनिटं त्यांना टाकून खाली उभा होतो. ते कुणीच विचारत नाही."

महिन्याभराने मी सासूबाईंच्या दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजत होते. पडदेवाले दारात आले. भिंतीकडे नाही, चपलांकडे नाही, सरळ त्यांच्याकडे बघून विचारलं, "मी उतरलो, त्याचा राग आला असेल तुम्हाला."

म्हातारीने त्यांच्याकडे असं बघितलं की हा कुठला खुळा माझ्या नशिबी आला.

"राग? उतरलात तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, सुटले बाई, पोरीच्या माणसाला मी जपलं. मरताना तिने एवढंच मागितलं होतं माझ्याकडे, यांच्याकडे बघ म्हणून. नाहीतर बारा वर्षं मी इथे कशाला राहिले असते, तुमच्या त्या पाणचट चहासाठी? राग आला तो परत चढलात तेव्हा. तुम्हाला काही झालं असतं तर तिला काय तोंड दाखवलं असतं मी?"

पडदेवाले दारातच खाली बसले आणि रडले. सासूबाईंनी माझ्या हातातून दंड सोडवून घेतला, वॉकर ओढून दाराकडे वळवला, आणि खाटेवरून उठायला लागल्या.