कानसेनांच्या भिंतीला ओल

सदर इसम पाणीपुरवठा खात्यातून सेवानिवृत्त. हुद्दा : गळती निरीक्षक. बांधा किरकोळ, वर्ण सावळा, उजव्या भुवईवर व्रण (कारण : रस्त्यावरील उघडे झाकण). वैवाहिक स्थिती : अविवाहित. अवलंबून असणाऱ्या व्यक्ती : एक पोपट. श्रवणशक्ती : निर्दोष; किंबहुना खात्याच्या मालमत्तेत गणना व्हावी अशी.

खात्यात त्यांना सगळे कानसेन म्हणत. लांब लोखंडी गजाचं एक टोक जमिनीतल्या नळाला टेकवायचं, दुसरं कानाला लावायचं, डोळे मिटायचे आणि थोड्या वेळाने बोट दाखवायचं, "इथे खणा." खणलं की पाणी. निरोप समारंभात खात्याने त्यांना तोच गज भेट दिला, कारण तो दुसऱ्या कोणाला वापरता येत नव्हता.

अशा माणसाच्या घराला ओल यावी, हे दंतवैद्याने तोंडावर रुमाल धरून हसण्यासारखं झालं.

त्याचं असं झालं, की पोपटाने एक नवा आवाज काढायला सुरुवात केली. टप. जरा थांबून पुन्हा टप. कानसेनांनी उठून घरातले सगळे नळ पाहिले. सगळे कोरडे ठणठणीत. मग त्यांनी पोपटाला रंगेहाथ, म्हणजे रंगेचोच, पकडलं. हा आवाज तो शिकला कुठे, हा प्रश्न गुन्हेगार सापडल्याच्या आनंदात मागे पडला. त्यानंतर कित्येक महिने टप ऐकू आलं की ते पेपरातून डोकं न काढता म्हणत, "गप रे." पोपट गप व्हायचा. भिंत आपलं काम करत राहायची. अखेर एकदा पडलेलं पेन काढायला कपाट सरकवलं, तर कपाटाची कुजलेली पाठ सुटून मागचं प्लास्टर आतल्या गरम कपड्यांसकट हातात आलं.

गवंडी म्हणाला, "काका, हे काल-परवाचं नाही. आतला नळ कधीचा गळतोय. ऐकू नाही आलं कधी?"

आपण हे कोणाला विचारतोय, ते बिचाऱ्याला ठाऊक नव्हतं.

नळ बदलला, प्लास्टर उतरवलं. भिंत वाळेपर्यंत पुढचं काम होणार नव्हतं. तेव्हा एक बॅग, गज आणि पिंजरा घेऊन कानसेन थोरल्या बहिणीकडे राहायला आले. ताईला कारण सांगितलं ते वरच्या बिऱ्हाडाच्या निष्काळजीपणाचं. वर बिऱ्हाड नव्हतं, गच्ची होती. पण ताईचे गुडघे तिथवर कधी गेले नव्हते.

ताईच्या यजमानांनी, म्हणजे भाऊजींनी, विमा कंपनीत दावे तपासण्यात हयात घालवली होती. तपासणे म्हणजे नाकारणे. घरातही तीच शिस्त. बाथरूमच्या टाइल्स बदलाव्यात हा ताईचा दावा वर्षानुवर्षं पुराव्याअभावी पडून होता.

"जुनी दिसते हा पुरावा नव्हे," भाऊजी म्हणत. "जुना तर मीही दिसतो."

"तुम्हाला बदलून द्यायची सोय नाही म्हणून," ताई म्हणे.

पिंजरा बाथरूमबाहेरच्या बोळात टांगला. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी आवाज आला. टप.

भाऊजींनी कप खाली ठेवला. "गळतंय कुठेतरी. अहो, तुम्ही ऐका बरं. घरात तज्ज्ञ असताना बाहेर कशाला जायचं?"

'पोपट आहे' एवढं म्हटलं असतं तरी विषय मिटला असता. पण ज्याचा आयुष्यभर पुढचा प्रश्न विचारण्यावर पगार निघाला, तो पुढचा प्रश्न विचारणारच : शिकला कुठे? म्हणून कानसेनांनी गज काढला, डोळे मिटून भिंत ऐकली आणि म्हणाले, "काही नाही." मग पोपटाला हवा लागावी म्हणून पिंजरा बाल्कनीत नेला.

संध्याकाळी भाऊजी बाल्कनीतून ओरडले, "सरकतंय! इकडे आलंय!"

पिंजरा स्वयंपाकघरात गेला, तशी गळतीही गेली. भाऊजींनी जागोजागी बादल्या मांडल्या. एकीतही थेंब पडला नाही, त्यामुळे त्यांचा संशय आणखी पक्का झाला. "म्हणजे आतल्या आत मुरतंय."

एका दुपारी भाऊजी बाजारात गेलेले असताना ताई पिंजऱ्यासमोर शेंगदाणे घेऊन बसली.

"दाणा खाताना गळती बंद असते याची," ती म्हणाली.

कानसेन पेपरातून बाहेर आले. "तुला कळलं?"

"पहिल्याच दिवशी."

"मग बोलली का नाहीस?"

"तू का नाही बोललास? आणि ते वरचं निष्काळजी बिऱ्हाड कसं आहे रे? गच्चीत तंबू ठोकून राहतं का?"

"कोणी सांगितलं?"

"तुझ्या गवंड्याने. भिंत वाळली का म्हणून मीच त्याला फोन केला होता. मोकळ्या मनाचा माणूस आहे." तिने आणखी एक दाणा आत सरकवला. "हे बघ, यांना काही कळायला नको. तू फक्त पिंजरा परत बोळात टांग, गज घे, पुन्हा बाथरूम ऐक आणि गळती आहे म्हण. तू म्हटलंस की ते मानतील."

"ताई, न ऐकलेली गळती मी आजवर सांगितलेली नाही."

"आणि ऐकलेली पोपटावर ढकललीस. फिट्टंफाट झाली."

संध्याकाळी बाथरूममध्ये सगळे जमले. कानसेनांनी बेसिनखाली गज टेकवला. काही नाही. जरा डावीकडे सरकवला. तिथेही काही नाही. ताईने डोळ्यानेच सगळ्यात विद्रूप टाइल दाखवली. त्यांनी गज तिथे लावला, डोळे मिटले, नेहमीइतका वेळ थांबले आणि म्हणाले, "इथे."

"खात्री?" भाऊजींनी विचारलं.

"खणा," कानसेन म्हणाले. आवाज जुनाच निघाला, पण आतली भिंत कोरडी निघाली की उरलेलं आयुष्य भाऊजी ही गोष्ट प्रत्येक पाहुण्याला चहाबरोबर देणार, हे त्यांना दिसत होतं.

प्लंबर आला. पहिली टाइल निघाली, भिंत कोरडी. शेजारचीही कोरडी. भाऊजींच्या चेहऱ्यावर दावा फेटाळण्यापूर्वीची सौम्यता पसरली. कानसेन बोळातल्या पिंजऱ्याकडे बघत राहिले. प्लंबरने आणखी एक घाव घातला, भगदाडात हात घातला आणि बाहेर काढला. हात कोपरापर्यंत ओला.

"जुनी गळती आहे, काका. सांधा पार कुजलाय. बरं झालं धरलीत."

भाऊजींनी मेहुण्याचा हात धरून जोरजोरात हलवला आणि शेजाऱ्यांना बोलवायला गेले. ताईने भावाला कोपऱ्यात घेतलं.

"अरे, तुला खरंच ऐकू आलं होतं?"

"नाही."

"बंद करायच्या आधी ऐका की," प्लंबर म्हणाला. "नुसता कान लावला तरी येतंय."

ताईने कान लावला आणि मान हलवली. येत होतं. कानसेनांनी कान लावला, मग दुसरा लावला, मग गज लावला. बोळातून पोपट म्हणाला, टप. तेवढं त्यांना स्वच्छ ऐकू आलं.

"ताई," ते हळूच म्हणाले, "तो शिकला ते माझ्या भिंतीकडूनच. मला ती कधी ऐकूच आली नव्हती."

बऱ्याच काळाने पहिल्यांदाच टोमणा न मारता ताईने त्यांच्या हातातला गज काढून घेतला.

बाथरूमला फिकट निळ्या टाइल्स लागल्या. भिंत वाळली, प्लास्टर झालं, कानसेन आपल्या घरी परतले. भाऊजी अजूनही लोकांना सांगतात की असा कान शोधून सापडणार नाही.

कानसेनांच्या दोन्ही कानांत आता यंत्रं आहेत.