मूळ पुरुषाच्या शोधात हुफूफला

माझी नोकरी वाचवण्यासाठी मी आठशे वर्षांपूर्वी मेलेल्या एका माणसाची मदत घ्यायचं ठरवलं.

जिवंत माणसांपैकी कोण करणार होतं? सौदायझेशनचे दिवस! रियाधमध्ये, अल मलाझच्या आमच्या ऑफिसात एकेक खुर्ची रिकामी व्हायची आणि दुसऱ्या दिवशी तिच्यावर एखादा सौदी तरुण येऊन बसायचा. माझ्या खुर्चीवर बसणाऱ्याचं नाव होतं फहद. पोरगा इतका गोड, की त्याचा रागराग करायचीही सोय नव्हती. रोज सकाळी मला कहवा ओतून द्यायचा आणि विचारायचा, "उस्ताद, आज काय शिकवणार?" मी माझीच नोकरी त्याला घास घास भरवत होतो.

मला जायचं नव्हतं. सरळच सांगतो. लोक परदेशात बसून गावासाठी झुरतात. मी गावी महिनाभराच्या सुट्टीवर गेलो, की मलाझच्या गल्लीसाठी झुरायचो. वीस वर्षं तिथं गेली, आमची सना तिथंच जन्मली. कोपऱ्यावरचा रोटीवाला मला बघितलं की न विचारता चार रोट्या बांधायचा. नसीमचं, म्हणजे माझ्या बायकोचं, नेमकं उलट. तिला स्वप्नातसुद्धा श्रीवर्धनची सुपारीची वाडी दिसायची.

"चला ना आता घरी," ती म्हणायची.

"घरीच तर आहे," मी म्हणायचो. की झालं, त्या दिवशी आमटीत मीठ नसायचं!

तर ऑफिसात बॉब नावाचा एक अमेरिकन इंजिनियर होता. त्याला पूर्वजांचं वेड. त्याचा कुणी खापरखापरपणजोबा जर्मनीतून लाकडी जहाजात बसून अमेरिकेत उतरला, जंगल तोडून शेत केलं, त्याला नऊ पोरं झाली, त्या पोरांना पुढे पोरं... बॉब जेवणाच्या सुट्टीत पिढ्यांमागून पिढ्या जन्माला घालायचा आणि माझा डबा थंड व्हायचा. पण एक दिवस तो म्हणाला, "गेल्या सुट्टीत मी त्या जर्मन गावात जाऊन आलो. लोकांनी मला मिठ्या मारल्या. म्हणाले, तू आमचाच!" (कॉफी झाल्यावर त्यांनी 'परतीचं विमान कधी?' असंही विचारलं होतं. ते मी कानाआड केलं.)

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आमचाही मूळ पुरुष जहाजातूनच उतरला होता की! आम्हा कोकणी मुसलमानांच्या घरोघरी ही गोष्ट सांगतात: अरबस्तानातून कुणी व्यापारी आला, त्याला किनारा आवडला, राहिला. म्हणजे मी मुळात इथलाच! मग मला परदेशी म्हणून काढतात कसे?

लगेच गावी फुफीला, म्हणजे माझ्या आत्याला, फोन लावला. बाई नव्वदीला टेकलेली, पण आवाज असा की फोन हातभर लांब धरावा लागतो.

"फुफी, आपला मूळ पुरुष कुठचा?"

"हुफूफचा रे! खजुराचा गलबत घेऊन आला नी इथंच रायला."

"त्याचं नाव?"

"नाव कोणाला ठावं? पोरं बाबाच म्हणत असतील!"

चार पिढ्यांची नावं तिनं दिली. मधल्या वीस-बावीस मी घातल्या. (घाईत घातल्यामुळे आमच्या वंशात इब्राहिम सात वेळा येतो!)

फहदला हे कळलं तर तो उडालाच. "हुफूफ? उस्ताद, माझे आजोबा तिथंच असतात! खजुराची बाग आहे आमची. सगळ्या घराण्यांच्या पिढ्या त्यांना तोंडपाठ. थांबा, फोन करतो!" आणि त्यानं आजोबांना फोनवर एवढंच सांगितलं, की ऑफिसातले साहेब घरच्यांना घेऊन येताहेत, त्यांना तुमच्यासमोर आपल्या पिढ्या सांगायच्या आहेत.

आता सख्ख्या नातेवाइकांकडे रिकाम्या हातानं कसं जायचं? मिठाईचे चार मोठे डबे घेतले. उंची अत्तर घेतलं. बायकांसाठी रेशमी कापडं घेतली. दाढी काळीभोर केली. पायघोळ पांढरा थोब शिवला आणि डोक्यावर लाल चौकड्यांचा रुमाल टाकला.

"पप्पा, प्लीज! कोई देख लेगा!" सना किंचाळली.

नसीमनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि गाडीत मागे जाऊन बसली.

चार तास गाडी हाकून हुफूफला पोचलो. मी पुरुषांच्या बैठकीत, नसीम आणि सना आत बायकांच्या खोलीत. आजोबा लोडाला टेकून बसलेले, फहद कहवा ओततोय. मी घसा खाकरला आणि सुरुवात केली. अमक्याचा मुलगा तमका, तमक्याचा मुलगा इब्राहिम... पाचव्या इब्राहिमला मला धाप लागली. आजोबा मिठाईच्या डब्यांकडे बघत होते, कापडांकडे बघत होते, मग माझ्या दाढीकडे बघत होते.

"वय काय?" त्यांनी विचारलं.

"बावन्न."

"तब्येत?"

"ठणठणीत!"

"मुलं?"

"एक मुलगी. मुलगा नाही."

"अच्छा, अच्छा," अशा अर्थाची मान हलवून ते म्हणाले, "आणि नोकरी?"

"सध्या तरी आहे," मी फहदकडे बघत म्हणालो.

"मग आमच्याकडून काय हवं?"

वीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं! मनातलं होतं ते बोलून टाकलं, "मला इथं राहायचंय, चाचा. मला तुमच्यातला एक करून घ्या!"

फहदनं कहवा पेल्याऐवजी गालिच्यावर ओतला. (त्याला लग्नाची एक बहीण होती. हे मला आधी सांगायला काय झालं होतं?)

तिकडची रीत अशी, की मुलगी मागायला जाणारा माणूस घरच्यांना घेऊन, मिठाई-कापडं घेऊन जातो आणि सगळ्यांत आधी आपल्या पिढ्या सांगतो. मी ती रीत इतकी बिनचूक पाळली होती, की खऱ्या नवरदेवालाही जमली नसती!

आत फहदची आजी नसीमचा हात हातात घेऊन बसली होती. नसीमचं अरबी भाजीबाजारापुरतं. "धीर धर, पोरी," आजी म्हणत होती. नसीमला वाटलं, माझी नोकरी जाणार म्हणून सांत्वन चाललंय. काय मायेची माणसं! तिनं ओढणीनं डोळे टिपले.

"काय करणार?" ती मोडक्यातोडक्या अरबीत म्हणाली. "नियमच तसा. नवीन आलं की जुन्यानं निघायचं."

"तू कशाला निघायचं?" आजी उसळली. "त्याला म्हणावं, दोघींना सारखं वागव!"

हे सनाला कळलं. ती शाळेत अरबी शिकत होती. ताडकन उठली. "अम्मी! ये लोग बोल रहे हैं, पप्पा दूसरी शादी कर रहे हैं!"

पुढच्या क्षणी बैठकीचा पडदा हलला. "अहो! बाहेर या आधी!" वीस वर्षांत नसीमनं पुरुषांच्या बैठकीच्या दाराशी पाऊल ठेवलं नव्हतं. त्या दिवशी ठेवलं.

त्यानंतर मी किती शपथा घेतल्या त्याला हिशेब नाही. उलगडा झाला तेव्हा आजोबा हसून हसून लोडावरून घसरले. फहद भिंतीकडे तोंड करून हसत होता. नसीम हसत नव्हती.

डोळे पुसून आजोबा म्हणाले, "तुझा पूर्वज इथून गेला असेलही. खूप जण गेले. पण तो परत नाही आला?"

"नाही."

"बाग इथं, भाऊ इथं, आणि परत नाही आला? मग तिकडचा मुलूख फार सुंदर असणार. तो सोडून तू इथं काय करतोयस?"

सनानं आत लगेच भाषांतर केलं असणार. पडद्याआडून मराठीत आवाज आला, "मी वीस वर्षं हेच विचारतेय!"

आजोबांनी निघताना माझ्या कपाळाचं चुंबन घेतलं आणि खजुराची अख्खी पेटी गाडीत ठेवली. घराण्यात मात्र घेतलं नाही. रियाधच्या परतीच्या वाटेवर दोन्ही बाजूंना वाळू पळत होती आणि मला ती पहिल्यांदाच इतकी देखणी वाटली. थोड्याच दिवसांत खुर्ची फहदकडे गेली. विमानतळावर तो माझ्या गळ्यात पडून रडला, आणि मीही रडलो.

आता आम्ही श्रीवर्धनला असतो. संध्याकाळी मी किनाऱ्यावर जातो, पश्चिमेकडे तोंड करून उभा राहतो. सगळं पाणीच पाणी, आणि त्याच्या पार पलीकडे मलाझ. अजूनही मी त्या गल्लीसाठी झुरतो. खोटं कशाला बोलू?

परवा असाच उभा होतो. वाटायला लागलं, आत्ता एखादी होडी लागली तर नेसत्या कपड्यांनिशी चढेन. तेवढ्यात बांधावरून नसीमची हाक आली.

"अहो! लाइट आलीय! वाडी कोण शिंपणार?"

मी मुकाट्यानं वळलो, आणि वळता वळता 'तो परत का नाही आला?' ह्या आजोबांच्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं. मुलूख सुंदर म्हणून नव्हे हो! तोही बिचारा ह्याच वाळूत रोज उभा राहत असणार, गलबताची शिडं चढलेली असणार, वारासुद्धा अनुकूल असणार... आणि नेमकी तेव्हाच मागून हाक आली असणार. त्या हाकेला न वळणारा पुरुष आमच्या खानदानात अजून जन्मायचाय!