तुरीच्या दाण्याएवढी

जळकोटात माझ्या गप्पांना एकच शत्रू होता: दुरुस्ती आप्पा. माणूस शेतकरी, पण कुणाचंही खोटं जागच्या जागी दुरुस्त करायची खोड, म्हणून गावानं हे नाव ठेवलेलं. हॉटेलात मी नाग मारल्याची गोष्ट रंगात आणली, की कोपऱ्यातून आवाज यायचा, "धामण व्हती. अन मारली न्हाय, मास्तरच पळाले." सगळं हॉटेल हसायचं, अन मी मुकाट बशीत तोंड घालायचो.

"मास्तर, मीठमसाला लावा, पण भाकर तर खरी असू द्या," हे त्यांचं ठरलेलं.

त्या दिवशी त्यांच्याच शेतात हुरडा होता. सकाळी आठलाच माझ्या छातीत कळ आली. आप्पांनी दोनदा विचारलं. पण समोर गरम हुरडा अन शेंगदाण्याची चटणी! "पित्त हाय," म्हणत मी खातच राहिलो. बाराला सदरा घामानं भिजला, तेव्हा त्यांनी मला जीपमध्ये कोंबलं अन थेट सोलापूर गाठलं.

डॉक्टरांनी विचारलं, "कधीपासून दुखतंय?"

खादाडपणाची लाज वाटून मी म्हणालो, "तासभर झाला असेल."

"खोटं," आप्पा म्हणाले. "आठपासून. डावा हात छातीवर, उजव्यात हुरडा."

तपासलं तर हृदयाची एक रक्तवाहिनी मध्येच फुग्यासारखी फुगलेली, अन त्या फुगवट्यात रक्ताची गुठळी बसलेली. डॉक्टर म्हणाले, "इथं नुसती स्टेंटची जाळी टाकून भागणार नाही, आधी गुठळी ओढून काढू. खरी वेळ कळली हे बरं झालं. जुनी गुठळी घट्ट होते, त्या तयारीनंच जातो." मनगटातून बारीक नळी आत गेली, यंत्रानं गुठळी शोषून घेतली, अन छातीवरचा धोंडा उतरला. बाहेर आप्पांना ती गुठळी दाखवली म्हणे.

महिन्यानं मी हॉटेलात सुरुवात केली, "लिंबाएवढी गुठळी निघाली, लिंबाएवढी!"

"तुरीच्या दाण्याएवढी," कोपरा बोलला. "म्या बघितली. लिंबू मावायला मास्तरांचं काळीज काय म्हशीचं हाय?"

गेल्या साली आप्पा झोपेतच गेले. पुढं एकदा हॉटेलात पोरांनी गुठळीची गोष्ट मागितली. आता रान मोकळं होतं. "लिंबाएवढी!" मी म्हणालो. मी कोपऱ्याकडं बघत राहिलो. गोष्ट पुढं सरकेचना.

"न्हाय," शेवटी मीच म्हणालो, "तुरीच्या दाण्याएवढी व्हती. अन तो नाग बी धामणच व्हती."

हॉटेल हसलं. अगदी आप्पा असताना हसायचं तसं.